दोन शाळा, दोन कवडसे: मुलांकडून पृथ्वीचा परीघ मोजून घेताना

इरॅटोस्थेनिसने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला, हे पाचवी-सहावीच्या मुलांना सांगितलं तर ती ऐकून घेतात आणि पान उलटतात. शोध नेमका कशात होता, हे त्यांना कळलेलं नसतं. विज्ञानातले बहुतेक शोध वर्गात पुन्हा करता येत नाहीत, त्यामुळे ते सांगूनच भागवावं लागतं. हा मात्र करता येतो. त्यासाठी वेगवेगळ्या गावांतल्या दोन शाळा, पुठ्ठा, ओळंबा, मोजपट्टी आणि डिसेंबरातली एक निरभ्र दुपार एवढं पुरतं. शिक्षकांनी किंवा पालकांनी एक पथ्य पाळावं: ४०,००० किलोमीटर हा आकडा मोजणी पूर्ण होईपर्यंत उच्चारू नये. उत्तर आधी कळलं की मुलं मोजत नाहीत, जुळवतात.

गोष्ट सांगताना

इरॅटोस्थेनिस (सुमारे इ.स.पू. २७६ ते १९४) इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. दक्षिणेकडच्या सायीनी गावात, म्हणजे आजच्या आस्वानमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भर दुपारी उभ्या वस्तूची सावली पडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात मात्र सावली पडायची आणि तिचा कोन पूर्ण वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंश भरला. दोन गावांमधलं अंतर ५,००० स्टेडिया धरलेलं होतं (स्टेडियम हे तेव्हाचं लांबीचं एकक, स्टेडिया त्याचं अनेकवचन). त्याची पन्नासपट म्हणजे २,५०,००० स्टेडिया हा पृथ्वीचा परीघ.

इथे दोन गोष्टी जपून सांगाव्या लागतात. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. पद्धतीचं वर्णन क्लिओमिडीस या नंतरच्या लेखकाकडून आपल्यापर्यंत आलं आहे. दुसरं म्हणजे, ‘त्याचं उत्तर एक टक्क्याच्या आत बरोबर होतं’ हे वाक्य मुलांपुढे ठेवू नका. त्याचा स्टेडियम नेमका किती मीटरचा होता, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि एकक बदललं की चूकही बदलते. शिवाय आस्वान अलेक्झांड्रियाच्या थेट दक्षिणेला नाही. ते जवळपास ३ अंश पूर्वेला आहे. त्याच्या उत्तरापेक्षा त्याची पद्धत मोठी आहे, आणि मुलांच्या हाती पद्धतच द्यायची आहे.

मराठी मुलांना याच जागी भास्कराचार्यही भेटले पाहिजेत. ‘सिद्धान्तशिरोमणी’ (इ.स. ११५०) या ग्रंथाच्या गोलाध्यायात त्यांनी हीच रीत त्रैराशिकाने मांडली आहे: एकमेकांच्या थेट उत्तर-दक्षिणेला असलेल्या दोन गावांच्या अक्षांशांत इतक्या अंशांचा फरक असताना अंतर इतकं, तर ३६० अंशांना किती? विषुववृत्तापासून उज्जैन परिघाच्या सोळाव्या भागावर आहे, तेव्हा ते अंतर सोळापट करा, असं उदाहरणही ते देतात. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. खानदेशातल्या शाळेला सहलीच्या दिवशीही हा धडा घेता येईल.

किरण समांतर का धरायचे

सगळी मोजणी एका गृहीतावर उभी आहे: सूर्य इतका दूर आहे की दोन्ही गावांत त्याचे किरण एकमेकांना समांतर येतात. म्हणूनच दोन गावांतल्या सावल्यांच्या कोनांतला फरक हा पृथ्वीच्या केंद्रापाशी त्या गावांमध्ये होणाऱ्या कोनाएवढा असतो. मुलांना हे पटत नाही, कारण ढगांआडून येणारे किरण त्यांना पंख्यासारखे फाकलेले दिसतात. तो भास आहे. रेल्वेचे समांतर रूळ दूरवर एकत्र आल्यासारखे वाटतात, तसाच.

एक मोठा चेंडू आणि एक सपाट पुठ्ठा घ्या. दोन्हींवर दोन-दोन टाचण्या काटकोनात टोचून उन्हात धरा. पुठ्ठ्यावरच्या दोन्ही सावल्या सारख्याच लांबीच्या पडतात, चेंडूवरच्या वेगळ्या. चेंडू फिरवून एका टाचणीची सावली नाहीशी केली, तरी दुसरीची उरते. हेच सायीनी आणि अलेक्झांड्रिया. हा प्रयोग वर्गात बल्बखाली किंवा टॉर्चने करू नका. जवळच्या दिव्याचे किरण खरोखरच फाकलेले असतात, त्यामुळे सपाट पुठ्ठ्यावरही सावल्या वेगवेगळ्या पडतात आणि मुलं नेमका उलटा निष्कर्ष काढतात.

गावं निवडणं

दोन गावांच्या अक्षांशांत निदान ४ अंशांचा फरक हवा. मुंबई आणि पुणे यांच्यात जेमतेम अर्धा अंश आहे. तिथे मोजण्यातली चूकच उत्तराएवढी होईल. नाशिक आणि नागपूर एकमेकांपासून दूर असले, तरी ते अंतर मुख्यतः पूर्व-पश्चिम आहे आणि ते या कामाचं नाही.

आपल्याकडे एक सुंदर योग आहे: पणजी (१५.५ अंश उत्तर), पुणे (१८.५) आणि नाशिक (२०.०) ही तिन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, ७३.८ अंश पूर्वेच्या आसपास आहेत. पणजी-नाशिक ही जोडी सर्वांत सोयीची. पुढची आकडेमोड याच जोडीची आहे. कोल्हापूर आणि धुळे हीही चांगली जोडी आहे, फरक ४.२ अंशांचा. इंदूरची एखादी मराठी शाळा तयार असेल, तर पणजी-इंदूर फरक ७.२ अंशांचा होतो, म्हणजे इरॅटोस्थेनिसला मिळाला तोच. इंदूर पणजीच्या थेट उत्तरेला नाही, दोन अंश पूर्वेला सरकलेलं आहे. पण प्रत्येक शाळेने आपापल्या मध्यान्हाला मोजलं आणि अंतर मोजताना फक्त उत्तर-दक्षिण भाग घेतला की अडचण येत नाही.

डिसेंबरच का

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे मध्यान्हाला उभ्या वस्तूची सावलीच पडत नाही तो, मोहक वाटतो, पण तो पणजीत मे महिन्याच्या सुरुवातीला येतो आणि तेव्हा शाळांना सुट्टी असते. दुसऱ्यांदा येतो तो ऑगस्टात, ढगांत. मार्च आणि सप्टेंबरातल्या समदिनांना, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, वेगळी अडचण आहे: त्या सुमारास सूर्य रोज सुमारे ०.४ अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो. एका शाळेने आज आणि दुसरीने उद्या मोजलं, तर ४.५ अंशांत ०.४ अंशांची चूक शिरते, म्हणजे जवळपास ९ टक्के. १५ ते २८ डिसेंबर या काळात मात्र सूर्य जवळजवळ थबकलेला असतो. सगळा मिळून फरक ०.२ अंशांच्या आत राहतो. एका गावात ढग आले तर दोन दिवसांनी मोजलेलं चालतं. नाताळची सुट्टी लक्षात घेऊन १५ ते २२ डिसेंबर हा आठवडा ठरवा.

मांडणी

उभी काठी आणि तिची सावली हा सगळ्यांना सुचणारा मार्ग आहे, पण त्यात दोन दोष आहेत. काठी एक अंशाने कलली, म्हणजे १ मीटरच्या काठीचा शेंडा फक्त पावणेदोन सेंटिमीटर उत्तर-दक्षिण सरकला, तरी कोनात पूर्ण एक अंशाची चूक होते. शिवाय सूर्य हा बिंदू नाही; आकाशात तो अर्ध्या अंशाहून थोडा मोठा दिसतो. त्यामुळे सावलीचं टोक पुसट होतं. डिसेंबरात १ मीटरच्या काठीच्या टोकाशी हा पुसट पट्टा दीड सेंटिमीटरहून रुंद असतो आणि सावली कुठे संपली यावर मुलांत वाद होतात.

दोन्ही दोष टाळण्यासाठी काठीऐवजी भोक वापरा. २० × २० सेंटिमीटरचा जाड पुठ्ठा घ्या आणि त्याच्या मध्यभागी कागदाच्या पंचिंग मशीनने एक भोक पाडा. ते ५-६ मिलिमीटरचं असतं. पुठ्ठा टेबलाच्या उत्तरेकडच्या कडेला असा चिकटवा की भोक कडेच्या बाहेर येईल. टेबलाखाली विटा किंवा फळ्या देऊन भोक जमिनीपासून बरोबर १०० सेंटिमीटर उंच करा. हीच उंची दोन्ही शाळांनी ठेवायची. भोकातून ओळंबा सोडा आणि जमिनीवर तो जिथे टेकेल, तिथे खूण करा. हा झाला पायाबिंदू. ओळंबा वाऱ्याने हलत असेल, तर त्याचं वजन पाण्याच्या भांड्यात बुडवून स्थिर करा. खूण झाली की ओळंबा काढून घ्या, आणि मोजणी संपल्यावर पुन्हा सोडून टेबल हललं नाही ना ते तपासा.

भोकातून जमिनीवर कवडसा पडतो. झाडाखालच्या कवडशांसारखाच तोही सूर्याची प्रतिमा असतो. तिरपा पडल्यामुळे तो लंबगोल दिसतो. त्याचा मध्य मुलांना एक-दोन मिलिमीटरच्या आत दाखवता येतो. भोकाला डोळा लावून सूर्याकडे पाहायचं नाही, हे सुरुवातीलाच कडकपणे सांगा आणि एक मोठं माणूस टेबलापाशी उभं ठेवा.

आता जमीन. शाळेची गच्ची सोयीची वाटते, पण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला मुद्दाम उतार दिलेला असतो. मीटरला एक सेंटिमीटर इतका उतारही कवडसा साडेसहा ते नऊ मिलिमीटरने सरकवतो. म्हणून जमिनीवर प्लायवूडची लांब फळी ठेवा, गवंड्याची पाणसळ लांबीच्या आणि रुंदीच्या दोन्ही दिशांनी लावा आणि कागदाच्या घड्या सारून फळी समपातळीत आणा. तिच्यावर पांढरा कागद चिकटवा. पायाबिंदू आणि कवडसा दोन्ही याच फळीवर आले पाहिजेत. त्यासाठी फळी निदान १२० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद हवी. फळी पक्की झाल्यावर भोकाची उंची पुन्हा मोजा, यावेळी फळीपासून.

मध्यान्ह घड्याळात नसतं

भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. पणजी, पुणे, नाशिक त्याच्या पश्चिमेला साधारण ८.७ अंश आहेत, आणि एका अंशाला ४ मिनिटं या हिशेबाने तिथे सूर्य सुमारे ३५ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा आस कललेला असल्यामुळे यात वर्षभर थोडी भर-घट होत असते. १५ ते २२ डिसेंबर या दिवसांत या तीन शहरांत मध्यान्ह १२ वाजून ३० ते ३३ मिनिटांच्या दरम्यान येतं. बारा वाजताच मोजून मोकळं होणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे.

ही वेळ मुलांना सांगू नका, त्यांना ती शोधू द्या. १२:१० पासून १२:५५ पर्यंत दर पाच मिनिटांनी कवडशाच्या मध्यावर बारीक टिंब काढा आणि शेजारी वेळ लिहा. कवडसा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतो, दोन टिंबांत सुमारे अडीच ते पावणेतीन सेंटिमीटर अंतर पडतं. सगळी टिंबं एका हलक्या वक्ररेषेने जोडा. पायाबिंदूपासून त्या वक्ररेषेवरचं सर्वांत जवळचं अंतर ही मध्यान्हाची सावली आणि तीच उत्तर दिशा. मध्यान्हाच्या आधी आणि नंतर पाच मिनिटांत ही लांबी अर्ध्या मिलिमीटरनेच बदलते, तेव्हा एखादं टिंब चुकलं तरी बिघडत नाही. वीस मिनिटं चुकलात, तर मात्र जवळपास ९ मिलिमीटरचा फरक पडतो.

२१ डिसेंबरच्या सुमारास १०० सेंटिमीटर उंचीसाठी पणजीत ही लांबी ८०.८, पुण्यात ८९.९ आणि नाशिकमध्ये ९४.७ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवी. हे आकडे मोठ्यांनी स्वतःजवळ ठेवायचे, मांडणीत ढोबळ चूक झाली आहे का हे ओळखण्यापुरते.

कोन: दोरा आणि खडू

नववी-दहावीच्या मुलांना टॅन्जंट (इथे सावलीची लांबी भागिले भोकाची उंची) येतो: ०.८०८ म्हणजे ३८.९ अंश, ०.९४७ म्हणजे ४३.४ अंश, फरक ४.५. लहान मुलांना कोनमापक देण्याचा मोह होतो, पण कंपासपेटीतल्या कोनमापकाने अर्ध्या अंशाची चूक सहज होते आणि ४.५ अंशांत ती ११ टक्के पडते. त्याऐवजी वर्गाच्या फरशीवर मोठी आकृती काढा.

‘भ’ हा बिंदू म्हणजे भोक. त्यापासून १०० सेंटिमीटरची सरळ रेघ काढा, तिचं टोक ‘प’ म्हणजे पायाबिंदू. ‘प’पाशी काटकोन करा, गवंडी करतात तसा ६०, ८० आणि १०० सेंटिमीटरच्या त्रिकोणाने. काटकोनातल्या रेघेवर ‘प’पासून दोन्ही शाळांच्या लांबीच्या खुणा करा. ‘भ’पासून या दोन खुणांमधून जाणाऱ्या रेघा दोरा ताणून काढा आणि त्या पुढे २ मीटरपर्यंत वाढवा. आता २ मीटर दोऱ्याला खडू बांधून ‘भ’भोवती कंस काढा. दोन रेघांच्या मधला कंसाचा तुकडा दोऱ्याने मोजा. तो सुमारे १५.७ सेंटिमीटर भरेल. २ मीटर त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ १,२५७ सेंटिमीटरचं असतं. त्यात हा तुकडा किती वेळा मावतो? ८० वेळा. म्हणजे दोन्ही शाळांमधलं अंतर हे पृथ्वीच्या परिघाचा ऐंशीवा भाग. भागाकारापलीकडे कोणतंही गणित लागलेलं नाही, आणि एका मिलिमीटरची चूक झाली तरी उत्तर एका टक्क्याच्या आत राहतं.

अंतर

पणजी ते नाशिक रस्त्याने सुमारे साडेसहाशे किलोमीटर आहे. मुलं हाच आकडा घेऊन येतील. तो घेऊ द्या; ८० ने गुणल्यावर ५२,००० येतं. मग विचारा, घाटातलं वळण पृथ्वीच्या परिघात धरायचं का? सरळ उत्तर-दक्षिण अंतर ४९८ किलोमीटर आहे, ते नकाशावर मोजता येतं. ४९८ × ८० = ३९,८४०. ध्रुवांवरून जाणारा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे, हे आता सांगायला हरकत नाही.

इथे एखादी चुणचुणीत मुलगी विचारेल, की नकाशावरचं अंतर पृथ्वीचा आकार माहीत असल्याशिवाय काढता आलं असतं का? शंका रास्त आहे. मोबाइलवरचा नकाशा पृथ्वीची त्रिज्या धरूनच अंतर सांगतो, तेव्हा या टप्प्यावर आपण थोडं उसनं घेतो आहोत, हे मान्य करा. मग भारतात हे अंतर जमिनीवर कसं मोजलं गेलं ते सांगा. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश सर्वेक्षकाने मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा साखळीने मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत दक्षिणेपासून मध्य भारतापर्यंतचं अंतर काढलं. ठिकठिकाणचे अक्षांश ताऱ्यांवरून घेतले. रीत तीच, बारकावा कितीतरी जास्त. या कामावर असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर तिथेच आहे.

‘पृथ्वी सपाट असली तर?’

हा प्रश्न आला पाहिजे. नाही आला तर तुम्ही विचारा. सपाट जमीन आणि जवळ असलेला सूर्य धरला, तरी दोन गावांत वेगवेगळ्या सावल्या पडतील. नुसत्या दोन सावल्यांनी पृथ्वी गोल ठरत नाही; पृथ्वी गोल आणि सूर्य खूप दूर हे धरून आपण तिचा आकार काढतो. बरीच पुस्तकं इथे घाई करतात.

पण पुढे जाता येतं. डिसेंबरातल्या सावल्या घ्या. सपाट जमीन धरली, तर १ मीटर उंचीमागे सावलीत पडलेला १३.९ सेंटिमीटरचा फरक ४९८ किलोमीटरमुळे आला, म्हणजे सूर्य सुमारे ३,६०० किलोमीटर उंचीवर. मार्चच्या समदिनाला दोन्ही शाळांनी एकाच दिवशी पुन्हा मोजा: पणजीत २७.७, नाशिकमध्ये ३६.४ सेंटिमीटर. फरक ८.७ सेंटिमीटर, आणि उंची ५,७०० किलोमीटर! डिसेंबरात सूर्य इतका जवळ आला असता, तर मध्यान्हाला तो मार्चपेक्षा जवळजवळ पाव पट मोठा दिसला असता. तो दिसत नाही, आणि हे तुमच्या कवडशावरूनच तपासता येतं: कवडशाच्या आखूड व्यासातून भोकाचा व्यास वजा करा आणि भोक ते कवडसा या तिरप्या अंतराशी त्याचं प्रमाण काढा. दोन्ही वेळा ते १०७ला १ च्या आसपास येतं. गोल पृथ्वीच्या हिशेबाने मात्र डिसेंबर आणि मार्च, दोन्हीकडून ४.५ अंशच येतात.

ज्यांना रात्री जागायला आवडतं, त्यांनी ध्रुवताऱ्याची क्षितिजापासूनची उंची मोजावी. पणजीत ती साधारण साडेपंधरा अंश, नाशिकमध्ये वीस. इतक्या दूरच्या ताऱ्याची उंची गावागणिक बदलते, ती पायाखालची जमीन वळल्यामुळेच.

उत्तर चुकलं तर

दोन्ही शाळांत दोन-दोन मिलिमीटरची चूक विरुद्ध दिशांनी झाली, तर उत्तर सुमारे ११०० किलोमीटरने इकडेतिकडे होतं. ३९ ते ४१ हजारांत आलात तर काम उत्तम झालं आहे. ३५ हजारांच्या खाली किंवा ४५ हजारांच्या वर गेलात, तर आधी पायाबिंदू तपासा. बऱ्याचदा लांबी ओळंब्याच्या खुणेपासून न मोजता टेबलाच्या पायापासून मोजलेली असते. मग फळीची पातळी, मग भोकाची उंची. भोकावरचा पुठ्ठा उन्हाने वाकून खाली झुकतो, म्हणून उंची मोजणीच्या आधी आणि नंतर, दोनदा घ्या. पोलादी टेपच्या टोकाचा हुक सैल असतो, त्यामुळे मोजणी शून्याऐवजी १० सेंटिमीटरच्या खुणेपासून सुरू करून तेवढे वजा करणं बरं.

दोन्ही शाळांनी सारखीच चूक केली, उदाहरणार्थ दोघांनीही कवडशाच्या मध्याऐवजी त्याची दूरची कड धरली, तर उत्तर फारसं बिघडत नाही. दोन कोनांच्या वजाबाकीत ती चूक बहुतेक निघून जाते. म्हणून मोजणीच्या आठवडाभर आधी दोन्ही शाळांच्या मुलांनी फोनवर बोलून नियम ठरवावेत: भोक केवढं, खूण कुठे, किती टिंबं, फळी कशी तपासायची. टिंबांचे कागद फेकू नका. त्यांवर तारीख, गाव, भोकाची उंची आणि प्रत्येक टिंबाची वेळ लिहून त्यांचे फोटो एकमेकांना पाठवा, आणि पणजीच्या मुलांनी नाशिकचा कागद पुन्हा मोजावा, नाशिकच्या मुलांनी पणजीचा.